रुसव्यात मागितली सही

तुम्ही चोर आहात. नाव घेत नाही, कारण तुमचं नाव कुठल्या पाटीवर नसतं. नियमाच्या खाली नुसती सही असते आणि ती कोणाच्या बापाला वाचता येत नाही. वकिलाला कज्जा मधेच कधी सोडता येतो, याचा नियम तुम्ही केला. आधी कोणाला सांगायचं, कोर्टाची परवानगी कशी घ्यायची, सगळं नीट मांडलं. वकिलाच्या कोटाला चुरगळी पडू नये याची केवढी काळजी! पण वकिलानं सोडायलाच पाहिजे आणि तो सोडत नाही, पक्षकाराच्या उरावर मांडी घालून बसलाय, तर हिंगोलीजवळच्या गोरेगावकडच्या एका बाईनं काय करायचं, हे लिहायची वेळ आली तेव्हा मात्र तुमच्या पेनातली शाई वाळली. तुम्ही चोरी केली ती तिथं.

त्या बाईचं नाव कौशल्याबाई. गोष्ट तिची आहे. तुम्ही मागं बसा आणि गुमान ऐका.

कौशल्याबाईचा बाप संपतराव मेंढरंवाला. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मेंढरं बसवली, लेंड्यांच्या खतावर लोकांची ज्वारी पोसली आणि पाय चालेनात तेव्हा अर्धी मेंढरं विकून गोरेगावच्या शिवारात चार एकर घेतलं. त्यात विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी म्हातारा काठावर बसून एकटाच हसत होता. कौशल्याबाई तेव्हा माहेरीच होती. नवऱ्यानं दुसरी केली होती आणि वर हिलाच म्हणाला होता, "तूबी ऱ्हा की, कोण नको म्हणतंय?" हिनं पाण्याचा भरला तांब्या त्याच्या तोंडावर रिकामा केला आणि चालत माहेर गाठलं. विहिरीच्या अंगाला कुडाचं घर घातलं, उरलेली मेंढरं राखली, आईच्या मागं बापाचं सगळं केलं. धाकटा भाऊ अंगद गावात, सिमेंटच्या घरात. बापाला भेटायला यायचा तो मोसंब्या घेऊन, पाहुण्यासारखा.

अठ्ठ्याण्णव साली संपतराव गेला आणि तेराव्याचं जेवण पचायच्या आत चारी एकरावर अंगदचं एकट्याचं नाव चढलं. कौशल्याबाई तलाठ्याकडं गेली. तलाठी म्हणाला, "बहिणीचं नाव लावायची इकडं पद्धत नाही, बाई."

"पद्धत कोणाची? तुह्या बापाची का मह्या बापाची?"

तलाठ्याला तेवढ्यात चहा प्यायला जायचं आठवलं.

अंगद तसा वाईट माणूस नव्हता, आणि तिथंच सगळा घोळ होता. वाईट असता तर कौशल्याबाईनं दगड उचलून एका दिवसात मिटवलं असतं. तो आपला गोड बोलायचा.

"आक्का, तू जल्मभर खा ना तिथं. म्या कवा हाकललं का तुला?"

"आज न्हाई हाकललं. उद्या तुही बायको हाकलील."

"तसं वाटत आसल तर कोर्टात जाय मंग."

त्याला वाटलं, कुठली जाते. ती गेली.

हिंगोली नुकतीच जिल्ह्याची झाली होती. पानटपरीवाल्यांनीसुद्धा पाटीवर 'जिल्हा' लिहून घेतलं होतं. कोर्टासमोर वकिलांच्या पाट्या तर अशा उगवल्या होत्या की विचारायची सोय नाही. कौशल्याबाईनं त्यातली एकही वाचली नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं. आणि येत असतं तरी वाचली नसती. तिच्या मनात वकील एकच, शिवहार वकील. मेंढरंवाल्यांच्या घरातून काळा कोट घालणारा पहिला माणूस. त्याचा बाप आणि संपतराव यांनी एका रानात घोंगड्या टाकलेल्या. "आपलं माणूस हाय," एवढ्या एका वाक्यावर तिनं वकीलपत्राला अंगठा लावला. आपलं माणूस हे वाक्य ज्यानं कोणी पहिल्यांदा काढलं, त्याला एकदा भेटायला पाहिजे.

शिवहार वकिलानंही सुरुवात झोकात केली. "जमीन बापानं स्वतः कमावलेली. भाऊ-बहीण दोघंच वारस. अर्धी तुमची. तुम्ही विहिरीच्या अंगाला राहता, तर विहिरीची दोन एकर मागू. आणि आधी मनाईचा अर्ज टाकू. कोर्टाचा मनाईहुकूम निघाला की कज्जा चालू असेस्तोवर अंगदला एक ढेकूळ विकता येणार नाही."

दावा लागला. मनाईचा अर्जही लागला. आणि मग तारखा लागल्या.

आता तारखेला जायची आमच्याकडची तऱ्हा सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं खरं वाटायचं नाही. गोरेगावहून हिंगोलीला सकाळची जीप एकच असते. म्हणून वादी आत, प्रतिवादी मागच्या फळीवर लटकलेला, साक्षीदार ड्रायव्हरच्या मांडीवर, असा अख्खा कज्जा एका जीपमध्ये बसून कोर्टात जातो. दुपारी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली फडकं एकच सोडायचं. कौशल्याबाईची भाकरी, अंगदच्या घरची चटणी. पुकारा झाला की तोंड पुसून आत जायचं आणि एकमेकांच्या विरुद्ध उभं राहायचं. बाहेर आलं की अंगद म्हणायचा, "आक्का, जीप भरली, चल लवकर." कोर्टाचं भांडण कोर्टात. नात्याला त्याची झळ लागू द्यायची नाही, असा त्यांच्या भावकीचा रिवाज होता, आणि कौशल्याबाई तो रिवाज पाळायची. तीच तिची चूक झाली.

एका तारखेला अंगदची पोरगी साधना बरोबर आली. बारावी झालेली, हिंगोलीत कॉलेजचा दाखला आणायचा होता. दुपारी तिनंच फडकं सोडलं, सगळ्यांना वाढलं. शिवहार वकील पान थुंकायला बाहेर आला होता.

"पोरगी कोणाची ही?"

"कोणाची म्हंजी?" कौशल्याबाईची छाती फुगली. "मही भाची! मह्या मांडीवर वाढली. बारावीत गावात पयली. मेंढराची धार काढती अन् इंग्रजीबी फाडफाड वाचती. वकीलसायेब, असं लेकरू दिवा घेऊन हिंडलात तरी हिंगोलीत गावायचं न्हाई."

ज्याच्यावर दावा लावला त्याच्या पोरीचं गुणगान, आणि तेही आपल्याच वकिलापुढं! दुसऱ्या कुठल्या वादीनं असला गाढवपणा केला नसता. पण भाचीची तारीफ आखडती घ्यायची, हे तिला सुचलंसुद्धा नाही. शिवहार वकिलाला एक पोरगा होता. बी.कॉम. झालेला, केसाला तेल आणि डोळ्याला गॉगल लावून बसस्टँडवर उभा राहण्याची नोकरी करायचा. वकील पान चघळत साधनाकडं बघत राहिला.

त्या दिवसापासून मनाईचा अर्ज आजारी पडला. कधी वकिलाचं डोकं दुखलं, कधी कागद घरी राहिला, कधी "आज साहेबांचा मूड नाही". कौशल्याबाई विचारायची, "काय झालं, सायेब?" वकील म्हणायचा, "पुढची तारीख घेतली." जसं काही बाजारातून कोथिंबीर घेतली. ती मान डोलवायची. आपलं माणूस हाय.

दोन हजार तीनच्या थंडीत साधनाचा साखरपुडा ठरला. अंगद स्वतः आवतण घेऊन विहिरीवर आला.

"पाव्हणे कुठले?"

"हिंगोलीचे. चांगलं घर हाय. तू ये म्हंजी झालं. आत्या एकच हाय तिला."

कौशल्याबाई लुगडं नेसून, साधनाला चांदीची जोडवी घेऊन गेली. दारात सनई वाजत होती. पाहुणे फेटे बांधून सतरंजीवर बसले होते. मधोमध बसलेला जाडजूड माणूस ओळखीचा वाटला, पण अंगावर काळा कोट नव्हता म्हणून नाव आठवेना. एवढ्यात कोणीतरी ओरडलं, "व्हऊ द्या व्याहीभेट!" अंगद उठला, तो जाडजूड माणूस उठला, दोघांनी एकमेकांना गच्च मिठी मारली, इकडून एकदा, तिकडून एकदा. अंगदनं त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, कपाळाला बुक्का लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि बुक्का लावलेलं ते तोंड कौशल्याबाईकडं वळलं.

तिचा वकील. तिच्या प्रतिवादीच्या गळ्यात.

"या या, विहीणबाई!" शिवहार वकील म्हणाला. तोंडावरची रेघ हलली नाही त्याच्या.

कौशल्याबाई उंबऱ्यात उभी राहूनच म्हणाली, "वकीलसायेब, आज तारीख हाय का आपली?"

बायका खो खो हसल्या. आत्याचा विनोद म्हणून हसल्या. कौशल्याबाई हसली नाही. तिनं आत जाऊन साधनाच्या पायात जोडवी घातली, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि न जेवता विहिरीवर परत आली.

दुसऱ्या दिवशीच ती वकिलाच्या हापिसात उभी.

"सायेब, तुमचं सोयरपण झालं, चांगलं झालं. पोरगी सुखात राहील. आता मला सोडा. म्या दुसरा वकील पाहते."

शिवहार वकिलानं चष्मा काढून पुसला. कायदा सांगायचा असला की तो चष्मा पुसायचा. "असं मधेच सोडता येत नाही, विहीणबाई. वकीलपत्र म्हणजे काय जीप आहे, मधल्या थांब्यावर उतरायला? कोर्टाची परवानगी लागते. सबळ कारण लागतं."

"महा भाऊ तुमचा व्याही झाला. ह्याच्याहून सबळ काय आसतं?"

"ते घरचं. मी घरचं आणि कोर्टाचं वेगळं ठेवतो."

"मंग मनाईचा अर्ज चालवा."

"घाई कशाला? आता दोन्हीकडं आपलीच माणसं. मी गोडीत मिटवतो."

"एक सांगा. मी तुमची इहीण का पक्षकार?"

"दोन्ही!" वकील हात पसरून हसला.

कौशल्याबाईनं पदर कमरेला खोचला. "महा बाप मेंढरं बसवायचा. तुमचाबी बसवायचा. एका रात्री एकाच्या वावरात. एकच रात दोघांच्या वावरात दाखवून लेंड्या दोघांला विकल्या न्हाईत त्यानं कवा."

वकिलाच्या कारकुनाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. वकिलाला मात्र राग आला नाही. चांगल्या वकिलाला राग येत नाही, त्याला फक्त पुढची तारीख येते.

आणि इथं हे नीट समजून घ्या. त्यानं कज्जा सोडला असता तर ती मोकळी झाली असती. चालवला असता तर जमीन वाचली असती. त्यानं दोन्ही केलं नाही. कायद्यानं सोडता येत नाही म्हणत तिला धरून ठेवलं, आणि धरून ठेवत अर्ज कुजवला. तुमच्याच नियमाची घोंगडी पांघरून झोपला तो.

एप्रिलात, लग्नाला आठवडा उरला असताना, विहिरीवर चार माणसं टेप घेऊन आली. कौशल्याबाईच्या कुडाच्या भिंतीला टेपचं टोक लावून एकानं आरोळी दिली, "इथून धर!"

"काय धरता? भित हाय मही."

"पाडायचीच हाय ना बाई ती. मे महिन्यात रजिस्ट्री हाय. विहिरीचा तुकडा घेतला आमच्या मालकानं."

ती तडक अंगदच्या घरी गेली. दारात मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं. अंगद तिला बघून बांबूआड व्हायला लागला. एवढा मोठा माणूस, एवढासा बांबू.

"आक्का, ऐक. पोरीचं लग्न हाय. वकीलसायबाच्या पोराला गाडी पायजे. हिरो होंडा. लग्नाचा खर्च, पंगती... म्या आणू कुठून? तुला गावात एक खोली काढून देतो."

"म्हंजी मही दोन एकर विकून मह्याच वकिलाच्या पोराला गाडी?"

"कागदावर तर महीच हाय ना." हे बोलताना अंगद खाली बघत होता. भावजय दीपमाला मात्र वर बघत होती. "जमीन काय छातीवर बांधून नेणार हायेत का वन्स? लेकराचं चांगलं व्हतंय, ते दिसत न्हाई."

"दिसून राह्यलं," कौशल्याबाई म्हणाली. "मह्या वाटणीची विहीर आता दोन चाकावर बसून हिंगोलीच्या बसस्टँडवर उभी राहील, हेबी दिसून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं ती हिंगोलीला गेली आणि ह्या वेळी पाट्या विचारत हिंडली. तिघा वकिलांनी शिवहार वकिलाचं नाव ऐकून पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. चौथा रूपसिंग वकील. जवळच्या तांड्यावरचा, वकिली करून चारच वर्षं झालेली, टेबल कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याखाली. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"जमीन वाचू शकते," तो म्हणाला. "पण शिवहारराव वकीलपत्रावर आहेत. माझ्या नव्या वकीलपत्राच्या कोपऱ्यात त्यांची 'हरकत नाही' अशी सही लागते. रिवाजच आहे तो."

"अन् त्यानं न्हाई दिली तर?"

"तर कोर्टाला अर्ज करायचा. कोर्ट त्यांना म्हणणं विचारणार. ते म्हणणार, विचाराला वेळ द्या. तेवढ्यात मे महिना लागणार, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. सुट्टीत रजिस्ट्री होऊन जाईल. त्यांनी तारीख बराबर धरली, बाई."

"तुमी जाऊन आणा ना सही. तुमी वकील, तो वकील."

रूपसिंग मान खाजवायला लागला. "ते आमच्या वकील मंडळाचे अध्यक्ष आहेत. मी मागायला गेलो तर उद्यापासून माझ्याशी चहाला कोणी बसणार नाही."

"मंग चहा मह्या घरी येऊन पेत जा! मेंढीच्या दुधाचा देते, दाट."

रूपसिंगला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यानं वकीलपत्र लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं फुली मारली. "इथं. ही सही मिळाली तर सोमवारच्या तारखेला मी उभा राहतो. बाकी माझ्यावर सोडा."

"लगीन रविवारी हाय," कौशल्याबाई म्हणाली. वकीलपत्राची घडी करून तिनं चोळीत घातली.

आता मराठवाड्यातलं लग्न आणि रुसवा. ज्या लग्नात कोणी रुसलं नाही ते लग्न अळणी. जावई रुसतो, मामा रुसतो, करवली तर रुसायलाच आलेली असते. मग चार शहाणी माणसं जातात, साडी दाखवतात, हातापाया पडतात, रुसवा काढतात आणि सगळे सुखानं जेवायला बसतात. ह्यांच्या भावकीत सगळ्यात वजनदार रुसवा नवरीच्या आत्याचा. आत्या रुसून बसली की तिची समजूत निघेस्तोवर नवरदेव मांडवात पाऊल टाकत नाही. कोर्टाचा मनाईहुकूम निघायला तीन वर्षं लागतात; आत्याचा लगेच लागू होतो.

रविवारी दुपारी नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावरून मांडवाकडं निघाला. पुढं बँड, बँडपुढं नाचणारी पोरं, मागं फेटा बांधून शिवहार वकील. ऊन असं की घोड्याच्या तोंडाला फेस. मांडवाच्या तोंडाशी आले आणि बँड थांबला. वाटेत मधोमध घोंगडी अंथरून कौशल्याबाई बसली होती.

"आत्याबाई रुसल्या!" एकच कल्ला झाला. पाहुणे खूश. म्हातारी माणसं पागोटी सावरत पुढं झाली. एकानं भारी साडी उलगडली.

"आक्का, ही पहा. जरीचा काठ हाय."

"मेंढरामागं जरी घालून जाऊ का?"

"मंग पैठणी आणू का पैठणाहून?"

"नको."

"बांगड्या? ठुशी? बोल, माय, तोंडानं बोल. नवरदेव शिजून राह्यला वर."

नवरदेव खरंच शिजत होता. लोकरीचा कोट, गळ्यात नोटांची माळ, गॉगलमधून घाम.

कौशल्याबाईनं चोळीतून घडी काढली, उलगडून घोंगडीवर ठेवली आणि बोट टेकवलं. "इथं नवरदेवाच्या बापाची सही पायजे. त्यानं मला सोडलं म्हणून."

म्हाताऱ्यांना वाटलं, बाईचं डोकं उन्हानं फिरलं. तिनं त्यांना सगळं सांगितलं, मोठ्यानं, मागच्या पंगतीलाही ऐकू जाईल असं. कोणाचा वकील, कोणाचा व्याही, कुठली गाडी. मांडवातली माणसं वाटेवर गोळा झाली. आचारीसुद्धा झाऱ्या हातात धरून बाहेर आला.

शिवहार वकील पुढं झाला. "विहीणबाई, हे लग्न आहे. कोर्ट नाही."

"व्हय? मंग तुमी कोर्टात व्याही काहून होऊन राह्यले?"

"सगळ्यांसमोर तमाशा नको. उद्या हापिसात या."

"म्या तीन वर्सं हापिसातच आले. आज तुमी मह्या हापिसात आले." तिनं घोंगडीवर थाप मारली.

आतून दीपमाला रडत आली, शिव्या देत आली. तिच्या मागून साधना, अंगभर हळद, मुंडावळ्या बांधलेली. लेकराचं तोंड एवढंसं झालं होतं.

"आत्या, तू मह्या लग्नात आडवी बसली?"

हिला कौशल्याबाईनं न्हाऊ घातलं होतं, काजळ घातलं होतं. हे लग्न मोडलं तर पोरीला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, हे तिला बराबर माहीत होतं. क्षणभर तिचा हात वकीलपत्र उचलायला गेला. पण विहीर गेली तर म्हातारपणी भावजयीच्या दारात ताटली घेऊन बसायचं, हेही तिला माहीत होतं.

"तुह्या लग्नात न्हाई बसले, माय," ती म्हणाली. "तुह्या सासऱ्याच्या वाटंत बसले. त्याची सही झाली की पयली अक्षदा मही."

साधनानं सासऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यांपैकी एकजण खाकरून म्हणाला, "शिवहार, सही केल्यानं तुहं काय जाऊन राह्यलं बाबा?" दुसरा म्हणाला, "आमाला वाटलं वकील म्हंजी काही तरी मोठं." आणि घोड्यावरून आवाज आला, "पप्पा, करा ना काय ती! मला गरगरून राहिलं!"

आहेर लिहायला बसलेल्या माणसाचं पेन कोणीतरी आणून दिलं. शिवहार वकिलानं फेट्यासकट खाली वाकून, घोंगडीवर गुडघा टेकून सही केली. वकिली आयुष्यात एवढं वाकला नसेल. कौशल्याबाईनं घडी चोळीत घातली, घोंगडी झटकली आणि बाजूला झाली. बँड वाजला. पहिली अक्षदा तिनं टाकली, आणि टाकताना रडली ती खरी रडली.

सोमवारी सकाळच्या जीपमध्ये पहिल्यांदाच अंगद नव्हता. तो पाहुण्यांच्या गाडीनं गेला.

कोर्टात पुकारा झाला. रूपसिंगनं वकीलपत्र पुढं केलं. साहेबांनी सही बघितली आणि शिवहार वकिलाला विचारलं, "का सोडताय?"

"पक्षकाराचा माझ्यावर विश्वास उरला नाही, साहेब." किती जड आवाजात म्हणाला! जसं काही विश्वास तिनं बाजारात हरवला होता. साहेबांनी मान हलवली, झालं, सुटला तो. कोट झटकून मागच्या बाकावर जाऊन बसला. तुमच्या नियमात सगळं बसलं.

मग रूपसिंगनं मनाईचा अर्ज काढला. घाम येईपर्यंत बोलला. सौदा, टेप, सुट्टीत धरलेली रजिस्ट्री, सगळं मांडलं. अंगदचा वकील उठला आणि एकच गोष्ट बोलला. "साहेब, अर्ज तीन वर्षांपूर्वीचा आहे. प्रत्येक तारखेला वेळ वादीच्याच बाजूनं मागितलेला आहे. एवढीच भीती होती तर ही बाई तीन वर्षं झोपली होती का?"

साहेबांनी कागद मागं मागं उलटले. "बरोबर आहे. मुदत मागणारे तुम्हीच. एकदाही प्रतिवादीनं मागितलेली नाही. तीन वर्षं गप्प राहायचं आणि सुट्टी तोंडावर आली की घाई करायची, हे कसं चालेल?"

रूपसिंग काही बोलायच्या आत मागून कौशल्याबाई उठली. शिपायानं "शू" केलं. ती त्याला बाजूला सारून पुढं आली आणि लाकडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"सायेब, मी झोपले नव्हते. मी हरेक तारखेला त्या दाराशी बसले. तारीख म्या एकबी मागितली न्हाई. ह्यानं मागितली." तिनं मागच्या बाकाकडं बोट केलं. "मागत होता तवा ह्याच्या घरी मह्या भावाच्या पोरीची बोलणी चालली होती. जमीन मही, विकणारा ह्याचा व्याही, गाडी ह्याच्या पोराला. अन् त्या तारखा तुमी मह्या नावावर मांडल्या."

"बाई, तुमचं म्हणणं तुमच्या वकिलाला सांगा."

"तेच तर इचारून राह्यले, सायेब. त्या तीन वर्सांत हा माणूस कोणाचा वकील होता? महा का मह्या भावाचा? न्हाई, पुढची तारीख देऊ नका. मी हितंच उभी हाय. आत्ता सांगा."